अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचा हंगाम कसा असतो आणि ओमाहाच्या स्पर्धेचं एवढं वेड का?

तुम्ही लिहिलंय की भाचा बॅटन रूजला एमएस करायला गेलाय, आणि जून आला की त्याचं स्टेटस जांभळं-पिवळं होतं, सारखं 'ओमाहा, ओमाहा' चालू असतं. तर ही कॉलेज वर्ल्ड सिरीज काय भानगड आहे आणि क्रिकेट बघणाऱ्या माणसाला त्यातलं काय कळणार, असा तुमचा प्रश्न आहे. कॉलेज बेसबॉलचा अमेरिकेतला विजेता ठरवणारी ही शेवटची स्पर्धा, आणि ती नेब्रास्का राज्यातल्या ज्या ओमाहात होते, तिथेच मी नोकरीमुळे राहतो. जूनच्या मध्यापासून पुढचे दहा-बारा दिवस या गावात दुसरा विषयच नसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कॉलेज बेसबॉल बघताना आधी पिचरकडे, म्हणजे त्यांच्या बोलरकडे, बघा, बॅटरकडे नंतर. कोणाकडे किती पिचर आहेत आणि त्यातल्या कोणाचा हात ताजा आहे, यावर अख्खा हंगाम फिरतो. बुमराह टी-ट्वेंटीत चार ओव्हर टाकतो आणि दोन दिवसांनी पुन्हा चेंडू हातात घेतो. इथे चांगला पिचर एका सामन्यात शंभरच्या आसपास चेंडू टाकतो, तेही पूर्ण जोर लावून, आणि मग पुढचा आठवडाभर त्याला कोणी हात लावायचा नसतो. व्यावसायिक लीगमध्येसुद्धा पिचर पाच-सहा दिवसांनी परत येतो. कॉलेजात आठवड्यातून एकदाच.

याला हंगामाची मांडणीही कारण आहे. फेब्रुवारीच्या मध्यात सामने सुरू होतात आणि मे अखेरपर्यंत प्रत्येक संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. मुलांना वर्गात बसायचं असतं, म्हणून महत्त्वाचे सामने शुक्रवार-शनिवार-रविवार असे एकाच प्रतिस्पर्ध्याशी तीन, आणि मधे मंगळवारी किंवा बुधवारी जवळपासच्या कुठल्यातरी कॉलेजशी एखादा. सगळ्यात भारी पिचर शुक्रवारी रात्री उतरतो. 'आमचा शुक्रवारचा पिचर' असं इथले लोक म्हणतात तेव्हा त्यात सगळं आलं. मंगळवारी बहुतेक पहिल्या वर्षाची पोरं टाकतात, आणि त्या दिवशी मोठमोठे संघ आडगावच्या कॉलेजांकडून मार खातात.

फेब्रुवारीत उत्तरेकडे बर्फ असतो. त्यामुळे मिशिगन, मिनेसोटाकडचे संघ पहिला महिनाभर बॅगा घेऊन दक्षिणेत फिरत असतात, तर लुइझियाना, टेक्सास, फ्लोरिडावाले घरच्या मैदानावर उन्हात खेळतात. बाजी कोण मारतं हे वेगळं सांगायला नको. कडाक्याच्या थंडीतल्या कॉलेजाने विजेतेपद मिळवल्याचं उदाहरण शोधायला गेलात तर १९६६ च्या ओहायो स्टेटपर्यंत मागे जावं लागतं.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ६४ संघांची यादी जाहीर होते. हंगामभर ज्या लीगमध्ये खेळतात तिचे विजेते थेट आत, बाकीचे समिती निवडते. मग चार-चार संघांचे सोळा गट, सोळा वेगवेगळ्या गावी, आणि दोनदा हरलात की घरी. सोळा विजेत्यांची जोड्यांमध्ये तीनातले दोन अशी झुंज होते आणि उरलेले आठ ओमाहाला येतात. इथे पुन्हा चार-चारचे दोन गट, पुन्हा दोन पराभवांची मुभा, आणि शेवटी दोन गटविजेत्यांमध्ये तीनातले दोन. हे गणित कागदावर कंटाळवाणं दिसतं, पण सगळी मजा 'दोन पराभवांच्या मुभे'त आहे. एक सामना हरलात तर बाहेर पडत नाही, पण कमी दिवसांत जास्त सामने खेळायची पाळी येते. आणि पिचर तेवढेच असतात!

भाच्याच्या कॉलेजाचा, म्हणजे लुइझियाना स्टेटचा, २०२३ चा हंगाम यासाठी घ्या. त्या संघात पॉल स्कीन्स नावाचा पिचर होता. तो आधी हवाई दलाच्या अकादमीत शिकत होता. तिथे दोन वर्षं काढून तो लुइझियानात आला. त्या एका हंगामात त्याने २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे चेंडू नीट मारूच न देता बाद केले. ओमाहात पहिला सामना टेनेसीशी झाला. स्कीन्सने टाकलं, ६-३ ने जिंकले. दोन दिवसांनी, सोमवारी, वेक फॉरेस्टने त्यांना ३-२ ने हरवलं. वेक फॉरेस्टला त्या वर्षी अव्वल मानांकन होतं. म्हणजे आता लुइझियाना स्टेटला सलग तीन दिवस जिंकणं भाग होतं: मंगळवारी टेनेसी, मग बुधवारी आणि गुरुवारी वेक फॉरेस्ट. वेक फॉरेस्टला मंगळवारी सुट्टी, आणि दोनपैकी एकच सामना पुरेसा.

मंगळवार ५-०, बुधवार ५-२. आणि स्कीन्सला जपून ठेवता ठेवता गुरुवार उजाडला. पलीकडून वेक फॉरेस्टचा सगळ्यात चांगला पिचर रेट लाउडर. मी कॉलेज बेसबॉलचा एकच सामना कोणाला दाखवायचा म्हटलं तर हाच दाखवेन. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी; सामना नऊ इनिंगचा, बरोबरी राहिली तर पुढे चालू. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, लाउडरने सात, आणि फळ्यावर दोन्हीकडे शून्य. आठव्या इनिंगमध्ये वेक फॉरेस्टचा खेळाडू तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेपासून एकच टप्पा दूर, आणि बॅटरने मुद्दाम हळूच चेंडू पुढे ढकलला, म्हणजे बंट केला. पहिल्या बेसपाशी क्षेत्ररक्षण करणारा लुइझियानाचा ट्रे मॉर्गन धावत पुढे आला, चेंडू उचलला आणि त्याच झपाट्यात कॅचरकडे, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरकडे, फेकला. तिसऱ्या बेसवरून निघालेला गडी होम प्लेटपाशी, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते तिथेच, आउट. क्रिकेटमध्ये जडेजा करतो तसलं क्षेत्ररक्षण, फक्त इथे त्याच्यावर अख्खा हंगाम टांगलेला होता. पुढे अकराव्या इनिंगला डिलन क्रूज बेसवर असताना टॉमी व्हाइटने बदली पिचरच्या पहिल्याच चेंडूवर होमरन, म्हणजे आपला सिक्सर, मारला. २-०, खेळ खल्लास.

आता गंमत बघा. अंतिम फेरी फ्लोरिडाशी, शनिवारपासून सोमवारपर्यंत, आणि स्कीन्सचा हात थकलेला. तो अंतिम फेरीत उतरलाच नाही. पहिल्या सामन्यात टाय फ्लॉइडने आठ इनिंगमध्ये सतरा स्ट्राइकआउट घेतले आणि केड बेलोसोच्या अकराव्या इनिंगमधल्या होमरनने ४-३ असा विजय मिळाला. दुसऱ्या दिवशी फ्लोरिडाने २४-४ असा चेंदामेंदा केला. ओमाहाच्या इतिहासात एका संघाने एका सामन्यात काढलेल्या या सगळ्यात जास्त धावा. टीव्हीवरचा प्रत्येकजण म्हणत होता की आता फ्लोरिडाचं वारं फिरलं. मला तसं वाटलं नाही, कारण प्रशिक्षक जे जॉन्सनने सामना गेल्यावर आपले चांगले पिचर बाकावरून उठवलेच नाहीत. हरायचं तर एका रनने काय आणि वीस रनांनी काय. तिसऱ्या दिवशी थॅचर हर्ड उतरला, आणि लुइझियाना स्टेट १८-४ ने जिंकलं. चोवीस धावा खाल्ल्यावर चोवीस तासांत अठरा काढणारा संघ मी तरी दुसरा पाहिलेला नाही. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू अर्थातच स्कीन्स. जुलैत व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला आणि क्रूज दुसरा. एकाच कॉलेजातले दोघे पहिल्या दोन जागांवर, असं आधी कधी झालं नव्हतं.

याच हिशोबाची दुसरी बाजू मला खटकते. २०१८ मध्ये अरकान्सा विजेतेपदापासून एका झेलावर होता. शेवटच्या इनिंगमध्ये तीनपैकी दोन आउट झालेले, ३-२ अशी आघाडी, आणि रेषेबाहेर वर उडालेला सोपा फाउल चेंडू तिघांच्या मधोमध पडला. 'तुझा-माझा' करण्यात. ओरेगॉन स्टेटने तो सामना ५-३ ने काढला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षात शिकणाऱ्या केविन एबलने १२९ चेंडू टाकून अरकान्साला शून्यावर गुंडाळलं. त्या स्पर्धेत त्याने चार सामने जिंकून दिले, तो विक्रम ठरला. पुढच्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या १२९ चेंडूंमुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पण एकोणीस वर्षांच्या पोराचा हात आणि प्रशिक्षकाची ट्रॉफी, यात कोण कोणाची काळजी घेतं हा प्रश्न दर जूनमध्ये मनात येतोच.

बॅटबद्दल थोडक्यात. व्यावसायिक खेळाडू लाकडी बॅट वापरतात, कॉलेजात १९७४ पासून धातूची चालते. तो 'टिंग' आवाज ऐकूनच कळतं की सामना कॉलेजचा आहे. मधे या बॅटनी धुमाकूळ घातला होता. १९९८ चा अंतिम सामना २१-१४ असा संपला, बेसबॉलचा! मग २०११ पासून बॅटचा जोर कमी करणारे नियम आले.

ओमाहाच का, तर १९५० पासून स्पर्धा इथेच आहे म्हणून. १९४७ ला मिशिगनमधल्या कॅलामझू गावी सुरुवात झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाकडून हरलेल्या येलच्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश पहिल्या बेसवर होते. वॉरन बफेट यांच्या कंपनीची वार्षिक सभा ज्या इमारतीत भरते, तिच्या जवळच आजचं स्टेडियम आहे. मे महिन्यात शेअरवाले येतात, जूनमध्ये बेसबॉलवाले. हॉटेलवाले दोन्ही वेळा हात धुऊन घेतात. स्टेडियमसमोरच्या एका बारमध्ये कोणत्या कॉलेजच्या चाहत्यांनी दारूच्या जेलीचे किती प्याले रिचवले याचा फळा लावतात. २०२३ मध्ये तुमच्या भाच्याच्या कॉलेजाने ६८ हजारांच्या वर आकडा नेला होता. हे त्याच्या आईला सांगू नका.

दुबळ्या संघांचं नशीब उघडतं का? उघडतं. २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट आपल्या गटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या मानांकनावरून विजेता झाला. २०२२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठ यादीत जेमतेम शिरलं आणि करंडक घेऊन गेलं. पण हल्ली पैसेवाल्या कॉलेजांना खेळाडू खेचणं फार सोपं झालंय. २०२३ च्या त्या संघात स्कीन्सच काय, व्हाइट आणि हर्डसुद्धा दुसऱ्या कॉलेजांतून आलेले होते.

बघायचंच असेल तर वेळ लक्षात ठेवा: ओमाहात संध्याकाळचे सहा म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार. भाच्याला स्कोअर विचारण्याआधी 'आज पिचर कोण, आणि याने शेवटचं कधी टाकलं होतं?' एवढं विचारा. आणि नेब्रास्कातल्या जूनमध्ये वादळी पाऊस नेहमीचाच, तेव्हा सामना थांबला तर चहा टाकून परत या. तासाभराने खेळ सुरू होतो तेव्हा आधीच्या पिचरचा हात गार पडलेला असतो, आणि बहुतेक वेळा नवाच कोणीतरी चेंडू घेऊन उभा असतो.