गीझरची टाकी आणि १०० ग्रॅम शेंगदाणे

गीझरवर वॉट, बिस्किटाच्या पुड्यावर किलोकॅलरी आणि बिलात युनिट यांचा मेळ कसा घालायचा, आणि हिवाळ्यात बिल कशाने फुगलं, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. दोन्हींची उत्तरं एकाच हिशेबात आहेत.

वॉट म्हणजे वीज खाण्याचा वेग. उपकरण किती वेळ चाललं ते कळल्याशिवाय नुसत्या वॉटवरून खर्च कळत नाही. १००० वॉटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट, आणि १ युनिट म्हणजेच ८६० किलोकॅलरी.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. १५ लिटरची टाकी २५ वरून ६० अंशांवर न्यायची तर १५ गुणिले ३५, म्हणजे ५२५ किलोकॅलरी. सुमारे ०.६ युनिट. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत याहून थोडी जास्तच ऊर्जा असते, कारण त्यांत जवळजवळ निम्मं तेल. तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी, पिष्टमय पदार्थांना आणि प्रथिनांना ४. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी ९७ वॉटवर चालतो! मला याचं अजूनही नवल वाटतं.

आता बिल. चौघांच्या आंघोळीला चार टाक्या लागल्या तर महिन्याला सत्तरच्या वर युनिट नुसत्या गीझरचे. थंडीत नळाचं पाणीच गार येतं, म्हणून आणखी वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढचा टप्पा महाग, आणि हे वाढीव युनिट बहुधा तिथेच पडतात. गीझरवरचे तारे पाहून फार आशा धरू नका. भरलेल्या टाकीतून उष्णता किती झिरपते एवढंच ते सांगतात; पाणी तापवायची ऊर्जा त्यांनी कमी होत नाही. ती कमी होते गरम पाणी कमी वापरलं तर, किंवा गच्चीवर सौर बंब बसवला तर.

पंख्याचं मात्र वेगळं. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा लावला की तेवढ्याच वाऱ्याला निम्म्याहून कमी वीज लागते.

खात्री करायची तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. एका युनिटला किती लुकलुकी ते मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० असेल, तर बाकी सगळं बंद ठेवून एकटा जुना पंखा ५ मिनिटांत २० वेळा लुकलुकवेल, नवा ८ वेळा. फ्रिज मध्येच थांबतो, मध्येच चालू होतो, म्हणून त्याला पूर्ण दिवसाचं रीडिंग घ्या. आकडे इथे टाकलेत तर पुढचा हिशेब करून देतो.