फ्लॉरेन्स सोमवारी, हॉटेल व्हेनिसबाहेर : सहल कंपनीकडून भरपाई मिळेल का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नाशिकला राहतो. मुंबईच्या एका सहल कंपनीची ‘ऐतिहासिक इटली’ ही आठ दिवसांची ग्रुप टूर जानेवारी २०२५ मध्ये तिच्या नाशिकच्या एजंटकडे बुक केली. माणशी २,८५,००० रुपये, वर जीएसटी आणि टीसीएस (कंपनीने आपल्याकडून आगाऊ घेऊन आयकर खात्यात भरायचा कर). ग्रुप ४२ जणांचा होता. ३ मे रोजी पोचलो. ब्रोशरमध्ये ‘व्हेनिस मुक्काम, २ रात्री’ होते. आम्हाला ठेवले मोल्यानो व्हेनेतो नावाच्या गावात. ४ मे रोजी व्हेनिसला गेलो तेव्हा प्रवेश शुल्क म्हणून माणशी १० युरो रोख घेतले. ग्रुपच्या दोन तुकड्या केल्या, एकीला गाइड आणि आमच्या तुकडीला फक्त टूर मॅनेजर. ५ मे रोजी फ्लॉरेन्समध्ये उफिझी गॅलरी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहायचा होता. दोन्ही बंद निघाले. रोममध्ये सिस्टीन चॅपेल बंद होते, आणि कोलोसियमला ‘तिकिटे मिळाली नाहीत’ म्हणून बाहेरून फोटो काढून परतलो. हॉटेलचा शहर करही आम्हीच भरला. कंपनी म्हणते, कार्यक्रम बदलण्याचा हक्क अटींमध्ये आहे, वाद फक्त मुंबईत आणि लवादापुढेच चालेल. शेवटच्या रात्री आम्ही फीडबॅक फॉर्मवर ‘उत्तम’ लिहून सही केली होती. आता माणशी १०,००० रुपयांचे व्हाउचर देऊ करताहेत. घ्यावे का? आणि नाशिकमध्ये दावा करता येईल का?

उत्तर : दावा नाशिकमध्ये करता येईल आणि तो टिकेलही, मात्र तुम्ही मांडलात तसा सगळा नाही. तुमच्या यादीत दोन भक्कम मुद्दे आहेत, दोन मध्यम आहेत आणि एक असा आहे जो तक्रारीत घातलात तर बाकीच्यांचे वजन कमी होईल. तो आधी बाजूला काढू.

सिस्टीन चॅपेल. पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले, नव्या पोपच्या निवडीच्या तयारीसाठी चॅपेल २८ एप्रिलपासून बंद झाले आणि निवडणूक ७ मे रोजी सुरू झाली. जगातली कुठलीही कंपनी तुम्हाला त्या आठवड्यात आत नेऊ शकली नसती. ‘कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ ही अट असते ती अशाच प्रसंगासाठी. फार तर एवढे म्हणता येईल की निघण्यापूर्वी कंपनीने कळवायला हवे होते. पण त्यावर पैसे मागू नका.

याच्या नेमके उलट फ्लॉरेन्सचे. उफिझी सोमवारी बंद असते. डेव्हिडचा मूळ पुतळा ज्या अकादेमिया गॅलरीत आहे तीही सोमवारी बंद असते. ५ मे २०२५ हा सोमवार होता, आणि हे जानेवारीत पैसे घेताना कॅलेंडरवर छापलेले होते. हा कार्यक्रमातला बदल नाहीच. मुळात पूर्ण होऊ न शकणारा कार्यक्रम विकला गेला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मधली ‘सेवेतील त्रुटी’ म्हणजे हीच, आणि जे देता येणार नाही ते देतो म्हणून सांगणे ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथाही ठरते. कंपनी बहुधा म्हणेल की सिन्योरिया चौकात डेव्हिड दाखवला. तिथे उभी आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ मध्येच आत हलवला गेला. तुमच्या फोटोंत तो चौक असेल तर तेच फोटो पुरावा म्हणून लावा. तक्रारीतला तुमचा पहिला मुद्दा हाच असू द्या.

दुसरा भक्कम मुद्दा व्हेनिसच्या हॉटेलचा. इथे बहुतेक प्रवासी अडकतात, कारण त्यांना मेस्त्रेला ठेवलेले असते. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, पण प्रशासकीयदृष्ट्या व्हेनिस नगरपालिकेतच मोडते. ‘व्हेनिस मुक्काम’ असे छापून मेस्त्रेला ठेवले तर कंपनीला निदान तोंडदेखला बचाव असतो. मोल्यानो व्हेनेतोचे तसे नाही. ते त्रेव्हिझो प्रांतातले वेगळे गाव आहे, वेगळ्या नगरपालिकेचे. आणि याचा सर्वांत चांगला पुरावा कंपनीनेच तुमच्या हातात दिला आहे : ते १० युरो. व्हेनिसचे प्रवेश शुल्क दिवसापुरते येणाऱ्यांसाठी असते. व्हेनिस नगरपालिकेच्या हद्दीत (म्हणजे मेस्त्रेतसुद्धा) हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांना ते माफ असते, फक्त माफीचा क्यूआर कोड काढावा लागतो. तुमच्याकडून शुल्क घेतले, याचा अर्थ तुम्ही व्हेनिसमध्ये मुक्कामाला नव्हता हे कंपनीला ठाऊक होते. शिवाय २०२५ मध्ये हे शुल्क चार दिवस आधीपर्यंत भरले तर ५ युरो आणि त्यानंतर १० युरो होते. तुमचे पाचाचे दहा झाले ते कंपनीच्या उशिरामुळे. टूर मॅनेजरने दाखवलेला क्यूआर कोड किंवा पावती ग्रुपमधल्या कोणाच्या फोनमध्ये असेल तर आजच मागून घ्या. पावती नसेल तर ‘प्रत्येकी १० युरो तयार ठेवा’ असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही चालेल.

कोलोसियमचा मुद्दा ब्रोशरमधल्या एका ओळीवर अवलंबून आहे. तिथे ‘प्रवेश’, ‘भेट’, ‘तिकिटासह’ असे काही छापले असेल तर हाही मुद्दा पहिल्या दोहोंच्या पंगतीत बसतो. ‘बाह्यदर्शन’ किंवा ‘फोटो स्टॉप’ असेल तर विसरून जा. तिकिटे मिळाली नाहीत हा बचाव मात्र कमकुवत आहे. कोलोसियमची तिकिटे ऑक्टोबर २०२३ पासून प्रवाशाच्या नावानिशी दिली जातात आणि दारात ओळखपत्राशी ताडून पाहिली जातात. ऐन वेळी गठ्ठ्याने तिकिटे उचलण्याची जुनी पद्धत त्यामुळे बंद पडली, आणि तेव्हापासून अशा तक्रारी येऊ लागल्या. तुमची पासपोर्टवरची नावे व्हिसासाठी कंपनीकडे आधीच होती. ती वेळेत वापरली नाहीत, हा तुमचा दोष नव्हे.

व्हेनिसच्या गाइडबद्दल थोडे सावध राहा. १ ऑगस्ट २०२४ पासून व्हेनिसमध्ये गाइडच्या मागे २५ पेक्षा जास्त लोकांचा गट चालत नाही, म्हणून ४२ जणांचे दोन भाग करणे बरोबरच होते. चुकले ते दोन गाइड न घेण्यात. इटलीत परवाना असलेल्या गाइडनेच ऐतिहासिक स्थळांची माहिती द्यायची असते. टूर मॅनेजरचे काम सोबत करण्याचे. पण इटलीचा हा नियम मोडला म्हणून नाशिकचे जिल्हा ग्राहक आयोग तुम्हाला भरपाई देणार नाही. ब्रोशरमध्ये ‘स्थानिक गाइड’ असे वचन होते का, एवढेच इथे पाहिले जाईल. असेल तर मुद्दा घ्या, एका परिच्छेदात.

शहर कर : रोममध्ये चारतारांकित हॉटेलात माणशी रात्रीला ७.५० युरो. तीन रात्री, दोघे, म्हणजे ४५ युरो. ‘समाविष्ट नाही’च्या यादीत हा कर लिहिलेला असतो, बारीक अक्षरात. तिथे असेल तर मागू नका.

आता कंपनीच्या अटी. मुंबईच्या न्यायालयाची अट तुम्हाला बांधत नाही; कलम ३४(२)(ड) नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. नाशिकचा एजंटही सामनेवाला (म्हणजे विरुद्ध पक्ष) क्रमांक दोन म्हणून घाला, म्हणजे अधिकारक्षेत्राचा वाद आणखी क्षीण होईल. लवादाच्या अटीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये मिटवला : ती अट ग्राहक आयोगाचा रस्ता अडवू शकत नाही. ‘आम्ही हॉटेलांचे व स्थानिक कंपनीचे केवळ एजंट आहोत’ अशीही ओळ त्यात असेलच. पैसे ज्याने घेतले आणि बिल ज्याने दिले, त्याच्याशी तुमचा करार. इटलीतल्या स्थानिक कंपनीला पक्षकार करण्याच्या फंदात पडू नका. युरोपीय संघाचा पॅकेज टूरचा कायदा ग्राहकाला उदार आहे, पण भारतात भारतीय कंपनीने विकलेल्या टूरसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

एक खाचखळगा वकीलसुद्धा विसरतात. ‘अन्याय्य करार’ म्हणून एखादी अट रद्द करून मागण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. तो राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. तेव्हा ‘अट क्रमांक अमुक रद्द करावी’ अशी विनंती लिहू नका. अशी एकतर्फी अट ग्राहकावर लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, अशी मांडणी करा; पायोनियर अर्बन प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आहे.

फीडबॅक फॉर्म तुमच्याविरुद्ध येणार हे गृहीत धरा. त्यावर सही म्हणजे हक्क सोडणे नव्हे. तो कुठे भरून घेतला, टूर मॅनेजर समोर उभा होता का, प्रश्न जेवण-बसबद्दल होते की स्थळांबद्दल, हे प्रतिज्ञापत्रात दोन-तीन वाक्यांत सांगा. जे खरोखर चांगले होते ते नाकारू नका.

व्हाउचर घेऊ नका. ते वापरताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहून घेतील, आणि मग दाव्यात जीव उरणार नाही. ‘प्रस्ताव मान्य नाही, भरपाईचा हक्क राखून ठेवत आहोत’ एवढा ईमेल आज पाठवा.

त्यानंतर नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, तरी पाठवा : कंपनी आणि एजंट दोघांना, स्पीड पोस्टने आणि ईमेलने, १५ दिवसांच्या मुदतीची. तुमच्या पत्रातला राग त्यात नको. तारीख, काय छापले होते, काय मिळाले, किती मागता, बस्स.

किती मागावे? संपूर्ण परतावा मागणाऱ्यांचे आयोगापुढे हसे होते, कारण विमान, बस, जेवण, बाकीची शहरे तुम्ही वापरली आहेत. दुसरीकडे कंपनी म्हणेल, कोलोसियमचे तिकीट १८ युरोचे, तेवढे घ्या. तेही मान्य करू नका; १८ युरोच्या तिकिटासाठी कोणी पावणेतीन-तीन लाख देत नाही, टूरच या स्थळांच्या नावावर विकली गेली. माझ्या मते मूळ ५,७०,००० च्या पाचव्या हिश्श्याइतके, म्हणजे १,१४,००० रुपये सेवेतील त्रुटीबद्दल, ५०,००० मानसिक त्रासाबद्दल, २०,००० खर्च, व्हेनिसच्या २० युरोंचे रुपये वेगळे, आणि नोटिशीच्या तारखेपासून ९ टक्के व्याज. पदरात याहून कमी पडेल, पण या मागणीचा हिशेब दाखवता येतो.

तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर दाखल होते, वकील सक्तीचा नाही. आयोगाची आर्थिक मर्यादा तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. तुमचा मोबदला जीएसटीसह ५,९८,५०० रुपये. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, आणि ५ ते १० लाखांच्या टप्प्याला शुल्क फक्त २०० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, म्हणजे मे २०२७. तोपर्यंत थांबू नका. हॉटेलच्या नोंदी आणि ग्रुपमधल्या लोकांची आठवण दोन्ही विरत जातात.

सर्व ४२ जणांनी एकत्र यावे का? ऐकायला छान वाटते. पण सगळ्यांचा मोबदला एकत्र केला तर तो १ कोटी १९ लाखांच्या वर जातो, म्हणजे प्रकरण थेट राज्य आयोगात. शिवाय कलम ३५(१)(क) खाली सर्वांचे हित समान आहे हे दाखवून परवानगी घ्यावी लागते. ज्या तुकडीला गाइड मिळाला तिचे आणि तुमचे हित त्या मुद्द्यापुरते समान नाहीच. नाशिकची चार-पाच कुटुंबे असतील तर प्रत्येकाने स्वतंत्र तक्रार करून एकाच दिवशी दाखल करा आणि एकमेकांची प्रतिज्ञापत्रे जोडा.

कागद : बुकिंगच्या वेळची ब्रोशरची पीडीएफ (आता वेबसाइटवर आहे ती नव्हे, ती बदललेली असू शकते), बुकिंग फॉर्म, पावत्या व जीएसटी बिल, निघण्याआधी आलेला दिवसवार कार्यक्रम, हॉटेलचे नाव-पत्ता असलेले पान, तारखेसह फोटो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला असाल तर जे अजून आत आहेत त्यांच्याकडून संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून घ्या. निवडक स्क्रीनशॉटवर ‘मागचेपुढचे गाळले’ असा आक्षेप येतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. ग्राहक आयोग यात दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसते, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसावा दिवस उलटला की तो हक्क संपतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्के केले आहे. ती तारीख स्वतः मोजा आणि उशीर झाला तर ते म्हणणे दाखल करून घेऊ नये असा अर्ज त्याच दिवशी द्या. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत. तुम्ही वर्ष-दीड वर्ष धरून चाला. पहिल्या तारखेला मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर झिडकारू नका, रोख रकमेवर बोलणी होऊ द्या.

टीसीएस मात्र कंपनीकडून परत मागू नका. तुमच्याकडून ५ टक्क्यांनी घेतलेले सुमारे २९,९२५ रुपये तुमच्या पॅनवर आयकर खात्यात जमा झालेले असायला हवेत. फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून पाहा. नोंद असेल तर ते विवरणपत्रातून मिळतात. नोंदच नसेल तर तो कंपनीविरुद्धचा आणखी एक मुद्दा, आणि तो नोटिशीत जायला हवा.