बारा गिनिपिग, एकही गाठ नाही: चूक हाताची की चाऱ्याची?

प्रश्न असा आहे: "प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना जिवाणूंची अ‍ॅलर्जी होते तेव्हा त्यांच्या रोगप्रतिकारक पेशी नेमकं काय करतात? यासाठी उंदीर बरा की गिनिपिग? आणि सगळं नीट करूनही प्रतिक्रिया आलीच नाही तर चूक कुणाची धरायची?"

खरं सांगायचं तर शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळतील. तिसऱ्याचं मिळणार नाही. ते मला एका पावसाळ्यात मिळालं आणि त्याची किंमत मी भरली आहे.

पेशींचं आधी सांगते. इथे 'अ‍ॅलर्जी' म्हणजे शिंका आणि पित्त नव्हे. व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये हा शब्द घडवला तो शरीराची 'बदललेली प्रतिक्रिया' अशा अर्थाने. एकदा ओळख झालेलं शरीर दुसऱ्या भेटीत वेगळं वागतं, एवढंच त्यात आहे. क्षयाचा जिवाणू शोधणाऱ्या कॉख यांनी हे त्याआधीच गिनिपिगमध्ये पाहिलं होतं. निरोगी गिनिपिगला क्षयाचे जिवाणू टोचले की दहा-चौदा दिवसांनी तिथे गाठ येते, फुटते आणि जनावर मरेपर्यंत ती जखम भरत नाही. आधीच क्षय झालेल्याला पुन्हा टोचले तर एक-दोन दिवसांतच ती जागा कडक होते, काळवंडते, खपली पडून जाते आणि जखम भरून येते. तेच जिवाणू आणि तीच जात, फरक फक्त आधीच्या ओळखीचा.

ही ओळख रक्तातल्या प्रतिपिंडांची की पेशींची, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. तो मिटवणारं मोठं काम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मेरिल चेस यांनी केलं. ओळख झालेल्या गिनिपिगचा, प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव दुसऱ्याला देऊन काही होत नव्हतं. त्याच्या पेशी दिल्या की न टोचलेलं जनावरही ट्युबरक्युलिनला, म्हणजे क्षयजिवाणूंपासून काढलेल्या अर्काला, प्रतिक्रिया देऊ लागलं. हे १९४५ साली छापून आलं. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच. एका ओळीत सांगता येतो आणि कुणाला खोडता येत नाही.

आता प्रत्यक्ष कातडीत काय होतं ते. ट्युबरक्युलिन कातडीत गेलं की पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, त्या कुठल्याही टोचण्याला येतात. मग ओळख असलेल्या मोजक्या टी पेशी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तिथे पोचतात. त्या स्वतः फारसं काही करत नाहीत, रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावतात. इंटरफेरॉन गॅमा त्यातलंच एक. त्या हाकेला रक्तातले मोनोसाइट येतात, बारीक रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइटबरोबर गर्दी करतात आणि मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या पेशी, होऊन चवताळतात. तिथे जमलेल्या बहुतेक पेशींना क्षयाच्या जिवाणूची ओळखही नसते, त्या नुसत्या हाकेला आलेल्या असतात. वाहिन्यांतून झिरपलेलं फायब्रिन तिथे साकळतं आणि ती जागा कडक लागते. हे सगळं रंगात यायला २४ ते ४८ तास जातात. म्हणून ही प्रतिक्रिया लाली बघून मोजायची नसते, कडकपणा बोटाने चाचपून मोजायचा असतो. माणसाची मांटू चाचणीसुद्धा (क्षयासाठी कातडीत ट्युबरक्युलिन टोचून करतात ती) ४८ ते ७२ तासांनी वाचतात आणि मिलिमीटर मोजतात ते कडक भागाचे.

आता माझं.

१९८७ चा पावसाळा. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी पीएचडी करत होते. बारा गिनिपिगना मारलेले क्षयजिवाणू तेलात घोटून टोचले होते. चार आठवड्यांनी बगलेखालच्या बाजूचे केस काढून पीपीडीचा, म्हणजे शुद्ध केलेल्या ट्युबरक्युलिनचा, एक दशांश मिली कातडीच्या आत दिला. सुई बरोबर कातडीत असली की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पांढुरका फुगवटा येतो. खाली सरकली तर येत नाही. माझ्या बाराच्या बारा फुगवट्यांची नोंद वहीत आहे, मापासकट.

४८ तासांनी वाचायला गेले. आम्ही बॉलपेनने वाचायचो. कडेपासून रेघ ओढत गाठीकडे जायचं, पेन अडलं की थांबायचं, मग समोरच्या बाजूने तसंच. दोन रेघांमधलं अंतर कॅलिपरने घ्यायचं. चांगल्या प्रतिक्रियेत कातडीखाली वाटाण्याची डाळ ठेवल्यासारखं लागतं आणि पेन तिथे हमखास अडतं. त्या दिवशी पेन कुठेच अडलं नाही. बारा जनावरांवर रेघा आरपार गेल्या. तीन-चार ठिकाणी फिकट लाली, बाकी काही नाही.

सरांनी वही पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा हात अजून बसलेला नाही." त्या एका वाक्यावर ती बॅच बाद झाली. पुढचे चार महिने माझ्या कुठल्याही आकड्याला, "हिने स्वतः टोचलंय ना?" हा प्रश्न चिकटला.

अ‍ॅनिमल हाऊस सांभाळणारे एक मामा होते, मालवणकडचे. ते माझ्यामागे जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्येंचे पाय दुखतत. उचलूक गेलंय तर वरडतत." मी त्यांच्याबरोबर परत गेले. एरवी आमच्या पावलांचा आवाज आला की अख्खी खोली शीळ घातल्यासारखी ओरडायची, कारण पावलं म्हणजे घास. त्या दिवशी बहुतेक जण पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आखडून बसले होते. मामांनी एकाला तळहातावर घेऊन त्याचा मागचा पाय मला दाखवला. गुडघा सुजलेला होता. मी बोट टेकवलं तर ते कळवळलं.

मग मामांनी त्यांचं रजिस्टर काढलं. पावसाने रस्ते बंद झाल्यापासून लसूणघास आलेला नव्हता, तीन आठवड्यांहून जास्त. त्या काळात जनावरं फक्त पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या खाद्यावर, होती आणि त्या पोत्यांवरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती, गोदामाला ओल होती. दर सोमवारचं वजनही मामांनी लिहिलं होतं: आधी वाढतंय, मग थांबलंय, मग उतरतंय. ते पान माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं आणि मी एकदाही उघडलं नव्हतं.

गिनिपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही. दर किलो वजनामागे रोज साधारण १० मिलिग्रॅम तरी लागतं. पेलेटमधलं क जीवनसत्त्व साठवणीत उडत जातं, तयार झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावेत असा साधा नियम आहे, ओलीत ते आणखी लवकर जातं. वरून हिरवं बंद. दोन-तीन आठवड्यांत स्कर्व्ही होते. आणि स्कर्व्ही झालेल्या गिनिपिगची ट्युबरक्युलिनला येणारी प्रतिक्रिया मंदावते हे १९६० च्या दशकातच छापून आलेलं आहे. मला ते ग्रंथालयात दोन दिवस धूळ खाल्ल्यावर सापडलं.

मी ते निबंध आणि मामांचं रजिस्टर घेऊन सरांकडे गेले. सरांनी रजिस्टर उघडलंही नाही. "चारापाण्याच्या वहीवर थीसिस लिहिणार का?" एवढंच म्हणाले. त्यांचं म्हणणं, हात नसेल तर पीपीडी खराब असेल. पीपीडी काचेला चिकटून कमी होतं हे खरं आहे, म्हणून तर त्यात ट्वीन ८० हे चिकटणं रोखणारं द्रव्य घालतात. आमच्यात ते होतं. त्याच कुपीतून शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या बॅचला दिलं होतं आणि तिथे गाठी आल्या होत्या. घास बंद झाला म्हणून तिथल्या मुलाने घरून कोबीची पानं आणून घातली होती, हे मला नंतर कळलं.

मग मी आणि मामांनी कुणाला न विचारता एक केलं. केमिस्टकडून क जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या आणून रोज सकाळी ताज्या पाण्यात विरघळवून पाजल्या. कोबी आणि कोथिंबीर मामा बाजार उठताना स्वस्तात आणायचे. आठवड्यातच खोली पुन्हा ओरडायला लागली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूची कातडी साफ करून तेच पीपीडी त्याच हाताने दिलं. ४८ तासांनी बारापैकी नऊ जनावरांवर पेन अडलं. मामांनी स्वतः बोट फिरवून बघितलं आणि प्रत्येकाला "हा, आला" म्हणाले.

ही नोंद माझ्या थीसिसमध्ये नाही. सरांनी ती काढायला लावली. मी काढली, ही माझी चूक. त्या वेळी मी अडून बसायला हवं होतं.

म्हणून चूक कुणाची, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: टोचणाऱ्याचा हात सगळ्यात शेवटी बघा. आधी जनावर बघा. वजन, गुडघे, केस, आवाज. ही प्रतिक्रिया जिवंत पेशींची आहे आणि त्या पेशी एका जिवंत, खाणाऱ्यापिणाऱ्या अंगात राहतात. कुपोषित मुलांची मांटू चाचणी संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते हे प्रत्येक बालरोगतज्ज्ञ मान्य करतो. मग गिनिपिगच्या बाबतीत तेच म्हटल्यावर ते 'चारापाणी' कसं होतं? प्रयोगात जनावरं सांभाळणारा माणूस हा त्या प्रयोगाचा साक्षीदार असतो. त्याचं नाव निबंधाच्या शेवटी आभारातसुद्धा नसतं, याचा मला आजही राग येतो.

उंदराचं थोडक्यात. उंदीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे माझ्यावर आली ती वेळ त्याच्यात येणार नाही. त्याच्या जनुकीय जाती तयार मिळतात, पेशींवरच्या खुणा ओळखणारी प्रतिपिंडं भरपूर मिळतात. कुठली टी पेशी काय सोडते हे खोदायचं असेल तर उंदीरच घ्या. पण कातडीवरची प्रतिक्रिया त्याच्यात कमजोर येते, लोक पंजाची सूज मोजतात. माणसासारखी कडक गाठ बोटाला लागायला हवी असेल तर गिनिपिग.

आणखी काही गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. आमच्या त्या दुसऱ्या फेरीत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. पहिल्या पीपीडीनेच ओळख ताजी झाली असण्याची शक्यता मी नाकारू शकत नाही, त्यामुळे तो पुरावा म्हणून कुठे छापता येण्यासारखा नाही. काही जनावरांना गोळ्या न देता ठेवायला हवं होतं, पण त्यांचे पाय बघून ते मला जमलं नाही. दुसरं, जिवाणू घोटलेलं तेल जनावराला फार दुखवतं. १९९८ च्या नियमांनंतर आपल्याकडे नैतिक समितीच्या परवानगीशिवाय असं काही करता येत नाही आणि तेच योग्य आहे. तिसरं, गाठ मोठी आली म्हणजे संरक्षणही मोठं, असं समजू नका. अ‍ॅलर्जी आणि प्रतिकारशक्ती एकाच पेशींच्या आसपास फिरतात, पण एकीवरून दुसरी मोजता येत नाही. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या, क्षयावरच्या बीसीजी लसीच्या मोठ्या चाचणीत लस घेतलेल्यांची ट्युबरक्युलिन प्रतिक्रिया वाढली होती, आणि १९७९ मध्ये आलेल्या पहिल्या निष्कर्षात फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मात्र दिसलं नव्हतं.

तुमच्या बॅचबद्दल एवढंच विचारते. हिरवा चारा शेवटचा कधी आला? पेलेटच्या पोत्यावर कोणती तारीख आहे? मागच्या चार आठवड्यांची वजनं काय आहेत? तुमच्याकडच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये जाऊन तिथल्या माणसाला विचारा आणि खाली लिहा. तुमच्या हाताबद्दल आपण त्यानंतर बोलू.