पाटीवर ‘मार्गे’ लिहिलेलं पॅकेट : सेगमेंट राउटिंगविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात एमपीएलएसबद्दल, म्हणजे पॅकेटला छोटं लेबल लावून ते राउटरांमधून पुढे पाठवण्याच्या पद्धतीबद्दल, लिहिताना शेवटी मी ‘आता नवीन जाळ्यांमध्ये एलडीपीची (ही लेबलं वाटणाऱ्या प्रोटोकॉलची) जागा सेगमेंट राउटिंग घेतंय’ असं एक वाक्य टाकून मोकळा झालो होतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी उरलेल्या लेखावर आली नाहीत. त्यातली काही निवडून उत्तरं देतो. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

नाशिक रोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात एमपीएलएस आणि एलडीपीपर्यंत शिकवलं. परवा मुलाखतीत ‘सेगमेंट राउटिंग म्हणजे काय’ असं विचारलं. मी ‘सोर्स राउटिंग’ म्हणालो आणि पुढे अडकलो. पुढे काय सांगायला हवं होतं?

सुरुवात बरोबर केलीत : सोर्स राउटिंग म्हणजे रस्ता सुरुवातीलाच ठरवून पॅकेटवर लिहायचा. आता एकदा सीबीएसवर, नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून एसटीच्या पाट्या वाचा. ‘नाशिक–शिर्डी, मार्गे सिन्नर’. पाटीवर प्रत्येक थांबा आणि प्रत्येक चौक लिहिलेला नसतो. ज्या गावामुळे रस्ता ठरतो तेवढंच गाव लिहितात. सिन्नरपर्यंत कसं जायचं, हे चालकाला ठाऊक असतं. सेगमेंट राउटिंगमध्ये पॅकेट जाळ्यात शिरतं त्या पहिल्याच राउटरवर त्याला अशी पाटी लावली जाते. पाटीवरचं एकेक नाव म्हणजे एकेक सेगमेंट, आणि त्याचा क्रमांक म्हणजे सिड.

मुख्य सेगमेंट दोन प्रकारचे. नोड सिड सांगतो, ‘अमुक राउटरकडे जा, सगळ्यात कमी खर्चाच्या रस्त्याने जा.’ सारख्या खर्चाचे दोन रस्ते असतील तर ट्रॅफिक दोन्हींवर वाटलं जातं. ॲडजसन्सी सिड हट्टी असतो: ‘याच दारातून बाहेर पड.’ म्हणजे ‘मुंबईला जा’ एवढं न सांगता ‘कसारा घाटातूनच उतर, समृद्धीने नको’ असं बजावणं. एसटीच्या पाटीत आणि या पाटीत फरक एकच. इथे गाव आलं की त्याचं नाव पाटीवरून पुसलं जातं.

एमपीएलएसवर ही पाटी म्हणजे लेबलांची चळत. तुम्ही शिकलात त्या एलडीपीमध्ये एकाच ठिकाणासाठी प्रत्येक राउटर आपापलं लेबल काढतो आणि शेजाऱ्यांना कळवतो. सेगमेंट राउटिंगमध्ये सगळ्या राउटरांवर लेबलांचा एक सामाईक पट्टा ठेवतात, त्याला एसआरजीबी म्हणतात. सिस्कोच्या यंत्रांवर तो मुळात १६००० ते २३९९९ असतो. एखाद्या राउटरला इंडेक्स ७ दिला, की त्याचं लेबल जाळ्यात सगळीकडे १६००७. ही माहिती वाटायला वेगळा प्रोटोकॉल लागत नाही. राउटरांना जाळ्याचा नकाशा कळवणारे ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस हे प्रोटोकॉल आपल्या नेहमीच्या निरोपांतच ती पोचवतात.

मुलाखतीत एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं : रस्त्याची आठवण मधल्या राउटरांकडून काढून घेतली आणि पॅकेटच्या माथ्यावर ठेवली. मधल्यांना फक्त ‘१६००७ कुठल्या बाजूला’ एवढं माहीत असतं. कोणतं पॅकेट कुठून कुठे चाललंय याची नोंद ते ठेवत नाहीत. विचारलंच असतं तर, ही कल्पना सिस्कोच्या क्लॅरन्स फिल्सफिल्स यांच्या नावाशी जोडली जाते, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये तिचं काम २०१३ पासून ‘स्प्रिंग’ या गटात चाललं, आणि आराखड्याचा दस्तऐवज आरएफसी ८४०२ जुलै २०१८ मध्ये आला.

पिंपळगाव बसवंतला आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. बारा राउटर, ओएसपीएफ आणि एलडीपी, कारखान्यांना आणि बँकांना व्हीपीएन देतो. सगळं सुरळीत आहे. विक्रेता म्हणतो सेगमेंट राउटिंगवर जा. खरंच गरज आहे का?

बारा राउटरांना घाई नाही. पण गरज नाही म्हणून विषय बंद करू नका, कारण तुमच्या बाबतीत फायदा काही नवीन मिळण्याचा नाही, एक गोष्ट कमी होण्याचा आहे. एलडीपी जातं. आणि एलडीपीबरोबर त्याचं एक जुनं दुखणंही जातं : तुटलेली लिंक परत येते, ओएसपीएफ ती लगेच वापरायला घेतं, पण एलडीपीचं सत्र अजून उभं राहिलेलं नसतं. तेवढ्या वेळात ग्राहकाचं व्हीपीएन ट्रॅफिक खड्ड्यात. त्यावर सिंक नावाचा उपाय आहे, तुम्ही तो लावलाही असेल. पण दोघांना एकमेकांची वाट पाहायला लावण्यापेक्षा एकालाच ठेवणं बरं.

जायचंच ठरवलं तर आधी वहीत कोष्टक काढा : राउटर, लूपबॅक (राउटरचा स्वतःचा कायमचा पत्ता), इंडेक्स. मी एके ठिकाणी एका राउटरची सेटिंग दुसऱ्यावर चिकटवताना इंडेक्स बदलायला विसरलेली मंडळी पाहिली आहेत. दोन राउटर, एकच क्रमांक. दोघंही जिवंत, पिंगला उत्तर देत होते, आणि तरी एका गावचे ग्राहक ओरडत होते. कारण सापडेपर्यंत रात्रीचे तीन वाजले. त्या मंडळींत मीही होतो, हे सांगून टाकलेलं बरं.

दोन कंपन्यांची यंत्रं असतील तर लेबलांचा पट्टा दोन्हीकडे हाताने सारखा करा. पट्टे वेगळे असले तरी गाडी चालते, पण लेबल प्रत्येक टप्प्यावर बदलतं आणि बिघाड शोधताना डोकं उठतं.

नंतर सगळ्यांवर सेगमेंट राउटिंग सुरू करा, एलडीपीला हात न लावता. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. एखादं जुनं यंत्र फक्त एलडीपी बोलणारं असेल, तर मॅपिंग सर्व्हर त्याच्या वतीने सिड जाहीर करतो. यंत्र फेकायची गरज नाही. मग एकेका राउटरवर सेगमेंट राउटिंगला प्राधान्य द्या, लेबलांसकट ट्रेसराउट मारून (पॅकेट कोणकोणत्या राउटरांवरून जातं ते) पाहा, आणि दोन-तीन आठवडे तसंच राहू द्या.

आता सापळा. व्हीपीएनची आतली लेबलं बीजीपी (रूट कळवणारा आणखी एक प्रोटोकॉल) वाटत असेल तर त्यांना धक्का लागत नाही. पण तुम्ही कारखान्यांना दोन टोकांमधलं लेअर-टूचं सर्किट, म्हणजे स्यूडोवायर देत असाल, तर त्याची बोलणी बहुतेक वेळा टार्गेटेड एलडीपीवर, म्हणजे दोन टोकांच्या राउटरांमधल्या थेट एलडीपी सत्रावर, चालतात. लिंकांवरचं एलडीपी काढायच्या उत्साहात तेही काढलंत, की अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे फोन सुरू होतील. ती सर्किटं ईव्हीपीएनवर (हेच काम बीजीपीने करण्याच्या पद्धतीवर) नेईपर्यंत टार्गेटेड एलडीपी राहू द्या.

विक्रेत्याला एक प्रश्न विचारायला विसरू नका : आहे त्याच यंत्रावर, आहे त्याच लायसन्समध्ये हे चालतं का? उत्तर लेखी घ्या.

सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडेतिकडे खोदकाम चाललंय. आठवड्याला एकदा तरी जेसीबी आमचं फायबर तोडतो. सेगमेंट राउटिंगने ५० मिलिसेकंदांत ट्रॅफिक वळतं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, पण अटी आहेत.

समजा तुमची रिंग अशी आहे : नाशिक, सिन्नर, निफाड, पिंपळगाव, ओझर, परत नाशिक. सगळ्या लिंकांचा खर्च सारखा. नाशिक–ओझर तुटली. नाशिकच्या राउटरने ओझरचं पॅकेट घाईघाईने सिन्नरकडे ढकललं, तर सिन्नर काय करेल? त्याला तुटल्याची बातमी अजून नाही. त्याच्या हिशेबात ओझरला जायचा जवळचा रस्ता नाशिकवरून, दोन उड्यांचा. तो पॅकेट नाशिककडेच परत फेकतो. म्हणूनच जुन्या पद्धतीचं जलद संरक्षण रिंगमध्ये लंगडं पडायचं.

सेगमेंट राउटिंगमधल्या उपायाचं नाव टीआय-एलएफए. नाशिकचा राउटर ही तुटातूट होण्याआधीच गणित करून ठेवतो : ‘ही लिंक गेली तर पॅकेटच्या डोक्यावर निफाडचं लेबल ठेवायचं.’ निफाडला जायचं म्हटलं की सिन्नर ते मुकाट्याने पुढे पाठवतो, आणि निफाडहून ओझरचा जवळचा रस्ता पिंपळगाववरूनच आहे. एक जादा लेबल, आणि पॅकेट मागे फिरत नाही. बाकीच्यांना बातमी पोचून सगळ्यांचं नवं गणित होईपर्यंत ही सोय चालते.

आता अटी. राउटरला लिंक तुटल्याचं कळायला हवं. लहान सेवांमध्ये मध्ये एखादा मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच असतो. पलीकडे फायबर तुटतं, पण अलीकडे राउटरच्या दारात दिवा हिरवाच. मग ओएसपीएफला शेजारी गेल्याचं कळायला मूळ सेटिंगवर ४० सेकंद लागतात, आणि तुमचे ५० मिलिसेकंद कागदावर राहतात. मधला डबा काढा, नाहीतर बीएफडी लावा, म्हणजे शेजारी जिवंत आहे का हे राउटर सेकंदाच्या अंशात तपासत राहतात.

दुसरी अट जेसीबीवाल्याच्या हातात आहे. रिंगच्या दोन्ही बाजू नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एकाच चरातून जात असतील, तर ती नकाशावरच रिंग आहे. दोन लिंका एकाच चरात आहेत हे राउटरला सांगता येतं, मग तो पर्याय निवडताना दुसरी टाळतो. पण टाळून जायला तिसरा रस्ता तर हवा.

सेगमेंट राउटिंगमुळे माझ्या घरचं इंटरनेट वेगवान होईल का? (इंदिरानगर)

नाही. आधी राउटर कपाटातून बाहेर काढा.

मोठ्या दूरसंचार जाळ्यात काम करते. आमच्याकडे आरएसव्हीपी-टीईचे बोगदे आहेत, प्रत्येकाला बँडविड्थ राखून ठेवलेली. सेगमेंट राउटिंगमध्ये हे राखीवपण कुठे जातं?

या पत्रामुळे बरं वाटलं, कारण जाहिरातीत हा प्रश्न कुणी घेत नाही. ते राखीवपण मधल्या राउटरांवरून जातं, पूर्णपणे. आरएसव्हीपी-टीईत ठरलेला रस्ता (बोगदा) आधी आखून त्यावर जागा राखतात; वाटेतला प्रत्येक राउटर प्रत्येक बोगद्याची नोंद ठेवतो आणि ती साधारण दर ३० सेकंदांनी ताजी करतो. अमुक बोगद्याला इतके मेगाबिट दिले, हे त्याला माहीत असतं. शंभर कडेचे राउटर एकमेकांना जोडायचे तर ९९०० एकेरी बोगदे होतात, आणि मधल्या राउटरांवर ती सगळी ओझी. सेगमेंट राउटिंगमध्ये मधल्यांची वही कोरी. वही नाही म्हणजे आरक्षणही नाही. पाटी लावलेल्या दहा गाड्या एकाच फाट्यावर आल्या, तर फाट्यावर अडवणारं कुणी नाही.

मग हिशेब कोण ठेवतं? वर बसलेला कंट्रोलर, म्हणजे सगळं जाळं पाहणारं सॉफ्टवेअर. जाळ्याचा नकाशा त्याला बीजीपी-एलएसने मिळतो, लिंकांवरचा भार टेलिमेट्रीतून (राउटर सतत पाठवतात त्या मोजमापांतून), आणि तो रस्ता काढून पहिल्या राउटरला देतो. त्या रस्त्याला एसआर पॉलिसी म्हणतात. तिची ओळख तीन गोष्टींनी : सुरुवातीचा राउटर, शेवटचं टोक आणि ‘कलर’ नावाचा एक आकडा. समजा ‘कमी विलंब’ म्हणजे कलर १००. बँकेच्या रूटला बीजीपीमध्ये १०० लावून दिला, की तिचं ट्रॅफिक आपोआप त्या पॉलिसीवर चढतं. मला स्वतःला सगळ्या योजनेतला हा भाग सर्वांत देखणा वाटतो. बोगद्यांमागून हाताने रूट लावत बसण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली आहेत.

बऱ्याच ठिकाणी कंट्रोलरही लागत नाही. फ्लेक्स-अल्गोने प्रत्येक राउटर विलंबाच्या मापावर, किंवा ठरावीक लिंका वगळून, वेगळं गणित करतो आणि त्या गणिताचा वेगळा सिड जाहीर करतो. वीस लेबलांची पाटी लावण्याऐवजी एकच लेबल : ‘ओझर, पण कमी विलंबाने.’ हे महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक यंत्र किती लेबलं चढवू शकतं याला मर्यादा असते. खरेदीच्या वेळी तो आकडा विचारा. आणि गाभ्यातला एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराची मर्यादा, वाढवून ठेवा. प्रत्येक लेबल चार बाइटचं.

तुमच्याकडे लीज्ड लाइनच्या करारात हमीची बँडविड्थ लिहिलेली असेल, तर कंट्रोलर नीट चालायला लागेपर्यंत आरएसव्हीपी-टीई बंद करू नका.

एसआरव्ही६ हे याचंच पुढचं रूप का? थेट तिकडेच उडी मारावी का?

तत्त्व तेच, पाटी वेगळी. तिथे एमपीएलएस नसतं; सिड म्हणजे १२८ बिटांचा आयपीव्ही६ पत्ता. त्याचा पुढचा भाग कुठे जायचं ते सांगतो, मागचा भाग तिथे पोचल्यावर काय करायचं ते. गंमत अशी की मधला साधा आयपीव्ही६ राउटरही ते पॅकेट पुढे ढकलू शकतो. जपानमध्ये सॉफ्टबँकने आणि इटलीत इलियादने ते आपल्या जाळ्यात चालवलं आहे.

किंमत जागेची. चार लेबलं १६ बाइट. चार पूर्ण सिड म्हणजे ६४, वर हेडरचे ८ आणि आयपीव्ही६चे ४०, एकूण ११२. म्हणून मायक्रो-सिड आला : ३२ बिटांच्या सामाईक भागामागे १६ बिटांचे सहा सिड, सगळे एकाच पत्त्यात.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. बाहेरच्या पॅकेटला आपली पाटी लावून आत येऊ देऊ नका. आयपीव्ही६मध्ये पूर्वीही पॅकेटमध्येच रस्ता लिहायची सोय होती. त्या पाटीवर दोनच राउटरांची नावं आलटून पालटून लिहून पॅकेटला येरझाऱ्या घालायला लावता येत, म्हणून २००७ मध्ये ती बाद केली. एसआरव्ही६मध्ये कडेच्या प्रत्येक राउटरवर गाळणी हवीच.

तुमच्याकडे एमपीएलएस आधीच असेल तर आधी एसआर-एमपीएलएस, म्हणजे वर सांगितलेलं लेबलांचं रूप. जाळं कोरं करकरीत असेल तर एसआरव्ही६चा विचार जरूर करा.

मुलाला हे शिकायचंय. क्लासवाले महागडी यंत्रं दाखवून मोठी फी सांगतात. घरी शिकता येतं का?

येतं. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आणि लिनक्स. एफआरराउटिंग नावाचं मोफत सॉफ्टवेअर ओएसपीएफ आणि आयएस-आयएसवर सेगमेंट राउटिंग करतं. एमपीएलएसची सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे. कंटेनरलॅबमध्ये (एकाच लॅपटॉपवर आभासी राउटर जोडणाऱ्या साधनात) पाच राउटरांची वरची रिंग उभी करायला सांगा, नाशिक ते ओझर. लेबलं वायरशार्कमध्ये (पॅकेट उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बघू दे. मग दोन राउटरांना मुद्दाम एकच इंडेक्स द्यायला सांगा, आणि काय बिघडलं ते त्याला स्वतःला शोधू दे. ते जमलं की क्लासची चौकशी करा.