एक शब्द खोडला आणि...

प्रश्न : पर्ल हार्बरनंतरचं रूझवेल्टचं ते फेमस भाषण एका झटक्यात लिहिलं होतं का हो?

उत्तर : जवळपास हो, पण खाडाखोड झालीच. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने हल्ला केल्याची बातमी आली, त्याच संध्याकाळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सेक्रेटरी ग्रेस टलीला मजकूर सांगून टाइप करून घेतला आणि त्यात होतं 'जगाच्या इतिहासात राहील अशी तारीख', मग स्वतःच्या हाताने 'जगाच्या इतिहासात' खोडून 'इन्फमी' लिहिलं, म्हणजे कलंक, काळिमा. आधीचं अगदी शाळेच्या पुस्तकातलं वाटतं ना! नंतर जपानने आणखी कुठे हल्ले केले याच्या बातम्या येत गेल्या तशी गुआम, फिलिपिन्स अशी नावं घुसत गेली. शेवटाकडचं, देवाची साथ मागणारं वाक्य मात्र सहकारी हॅरी हॉपकिन्सचं. बोलायला जेमतेम सहा-सात मिनिटं लागली.