तुमचे प्रश्न : पीसीवर पळतो, पायवर का बसतो?

मागच्या अंकात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रं यायला लागली ती थांबेचनात, आणि बहुतेकांचं दुखणं एकच, इंटेलच्या मशीनवर लिहिलेला एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) एआरएमच्या (पायमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरच्या) बोर्डावर नेला आणि तो बसला. यावेळी कोल्हापुरातलीच पाच पत्रं घेतलीयत. शेवटचं उद्यमनगरचं आहे, ज्यांना एम्युलेटरशी घेणंदेणं नाही त्यांनी निदान तेवढं वाचा.

प्रश्न : दादा, काकांकडं जुना टीव्ही गेम होता, कॅसेटला फुंकर मारून लावायचा तो. त्याचा एम्युलेटर मी सीमध्ये लिहिलाय, लॅपटॉपवर एकदम मस्त पळतो. तोच सोर्स पाय 4 वर कंपाइल केला, एरर नाही, वॉर्निंग नाही, पण स्क्रीन नुसती राखाडी. एक पण कॅसेट चालत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर गंडलाय काय? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, राजारामपुरी)

उत्तर : भावा, ड्रायव्हरला सोड, राखाडी का होईना स्क्रीन येतीय म्हणजे तो बिचारा त्याचं काम करतोय. तू सोर्सचा तुकडा पाठवलास हे लई बरं केलंस. त्यात ब्रँचच्या फंक्शनमध्ये ऑफसेट ठेवायला तू साधा 'चार' टाइप वापरलायस, मेख तिथंच आहे. चार हा साइन्ड धरायचा की अनसाइन्ड, हे सी भाषेनं कंपायलरवर सोडलंय. इंटेलच्या लिनक्सवर तो साइन्ड, म्हणजे -128 ते 127. पायच्या लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर त्याला अनसाइन्ड धरतो, 0 ते 255.

आता बघ काय होतं. त्या टीव्ही गेमच्या पोटात 6502 जातीचा प्रोसेसर, आणि बहुतेक कॅसेट चालू झाल्या झाल्या पिक्चरच्या चिपची वाट बघत बसतात, म्हणजे हेक्स 2002 हा पत्ता वाचायचा, वरचा बिट 0 असला तर मागं जाऊन परत वाचायचा, असं फिरत राहायचं. मशीन कोडमध्ये हे सगळं पाच बाईटांत बसतं : एडी 02 20 10 एफबी. शेवटचा एफबी म्हणजे -5, पाच बाईट मागं जा. तुझ्या लॅपटॉपनं तो -5 असा वाचला, पायनं वाचला 251. त्यामुळं प्रोग्राम जिथं पडायला पाहिजे होता तिथनं बरोब्बर 256 बाईट पुढं जाऊन पडला, आणि तिथं कोड असो, गाण्याचा डेटा असो, जे सापडलं ते चालवत सुटला. सगळ्या कॅसेट एकदम मेल्या त्याचं कारण हेच, सगळ्यांची सुरुवात जवळपास सारखीच असते.

चारच्या जागी इन्ट8-टी लिही, तो कायम साइन्डच. कंपायलरला 'एफ-साइन्ड-चार' हा फ्लॅग देऊनही गाडी चालेल, पण ते म्हणजे गळक्या पत्र्याखाली बादली ठेवल्यासारखं. चूक पहिल्यापासून तुझीच होती, इंटेलनं ती गुपचूप खपवून घेतली इतकंच.

आणि असली पुढची चूक शोधताना डोळ्यांनी सोर्स वाचत बसू नकोस. दोन्ही मशीनवर प्रत्येक इन्स्ट्रक्शनला प्रोग्राम काउंटर, ए, एक्स, वाय, स्टॅक हे रजिस्टर आणि फ्लॅग (मागच्या हिशोबाच्या खुणा ठेवणारे बिट) एका ओळीत फाइलीत लिहायला लाव आणि दोन्ही फाइली डिफ या फाइली ताडणाऱ्या कमांडला दे. पहिली वेगळी ओळ निघाली की तिच्या आधीच्या इन्स्ट्रक्शनमध्ये चोर सापडतो. नेसटेस्ट नावाचा टेस्ट रॉम मिळतो, तो हेक्स सी000 पासून चालू केला की पिक्चरची बाजू तयार नसली तरी चालतो.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला शिकवतो. माझ्या 6502 एम्युलेटरला जेआयटी आहे, म्हणजे जुन्या चिपचा कोड चालता चालता इंटेलच्या कोडमध्ये बदलून चालवतो. त्याचा इंटेल बॅकएंड (इंटेलचा कोड तयार करणारा भाग) बघून एआरएम64 चा लिहिला. दोन तक्रारी आहेत. एक, वजाबाकी एकानं चुकते. दोन, प्रोग्राम कधी चालतो, कधी 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरतो, आणि डीबगरमध्ये घातला की शहाण्या पोरासारखा चालतो. (कळंबा)

उत्तर : सर, पहिल्या तक्रारीनं माझा एक अख्खा आठवडा खाल्लाय. माझ्या पहिल्या पोर्टमध्ये गडी एकदा मेला की दोन लाइफ जायच्या, आणि मी बावळटासारखा आधी कीबोर्डच्या कोडमध्ये शोधत बसलो होतो.

झालं असं होतं : इंटेलवर वजाबाकीनंतर कॅरी 1 आला तर त्याचा अर्थ हातचा घेतला. 6502 वर उलटं, कॅरी 1 म्हणजे हातचा घ्यावा लागला नाही. म्हणून इंटेलच्या बॅकएंडमध्ये वजाबाकीच्या मागंपुढं कॅरी उलटा करायची सीएमसी इन्स्ट्रक्शन टाकायला लागते, तुमच्यातही ती असणारच. एआरएमची रीत मात्र 6502 सारखीच आहे, तिथं उलटं करायचं कारणच नाही, पण आपण ओळीला ओळ लावून भाषांतर करतो आणि ते उलटणं पण इमानदारीत सोबत नेतो. मग 1 वजा करायचा तिथं 2 जातात. एआरएम ज्यांनी काढला ते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीतले सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर, 1985 मध्ये पहिली चिप आली, आणि त्याआधी त्यांच्या बीबीसी मायक्रो कॉम्प्युटरमध्ये 6502 च होता. मला तरी हा योगायोग वाटत नाही, हाताची सवय कुठं जाते.

पण लगेच खूश होऊ नका. एआरएमचे फ्लॅग 32 किंवा 64 बिटांवर लागतात, तुमचा आकडा 8 बिटांचा. कम्पेअरला दोन्ही आकडे 24 बिट डावीकडं सरकवून 32 बिटांची वजाबाकी केली की एन (उत्तर ऋण), झेड (उत्तर शून्य) आणि सी (कॅरी) तिन्ही जागेवर येतात. एडीसीला (कॅरीसकट बेरीज) मात्र एका आकड्याच्या खालच्या 24 बिटांत सगळे 1 भरायला लागतात, नाहीतर खालनं आलेला कॅरी वर पोचतच नाही, आणि झेड वेगळा काढावा लागतो.

दुसरी तक्रार कॅशची, म्हणजे प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीची. पाय 4 च्या ए72 कोरमध्ये इन्स्ट्रक्शनची 48 केबी आणि डेटाची 32 केबी अशा दोन वेगळ्या कॅश आहेत. जेआयटीनं नवीन कोड लिहिला तो डेटाच्या बाजूनं गेला, आणि प्रोसेसर इन्स्ट्रक्शन उचलतोय दुसऱ्या बाजूनं. आचाऱ्यानं आत मेनू बदललाय, वेटर अजून खिशातली कालची चिठ्ठी वाचून ऑर्डर घेतोय. इंटेल हे हार्डवेअरमध्येच जुळवून घेतो, एआरएमवर तुम्हाला सांगावं लागतं. डीबगरमध्ये चालतो तो असाच, थांबत थांबत जाताना जुनं आपोआप पुसलं जातं. जीसीसीच्या बिल्टिन क्लिअर कॅश फंक्शनला ब्लॉकची (जेआयटीनं एका दमात लिहिलेल्या कोडच्या तुकड्याची) सुरुवात आणि शेवट द्या, झालं. ते नवीन ब्लॉक लिहिल्यावर तर सगळेच टाकतात. विसरतं कुठं, तर आधीच्या ब्लॉकचा शेवटचा जम्प नंतर बदलून पुढच्या ब्लॉकला जोडतो तिथं. चारच बाईट बदललेले असतात म्हणून लक्षात येत नाही. तुमच्या लिंकिंगच्या फंक्शनमध्ये बघा, पैजेवर सांगतो तिथं क्लिअर कॅश टाकलेलं नाहीये.

अजून एक, विचारलं नाही तरी सांगतो. एआरएम64 ची साधी ब्रँच 128 एमबी पुढं किंवा मागंच पोचते. जेआयटीचा बफर तुमच्या हेल्पर फंक्शनपासून लांब पडला तर पत्ता रजिस्टरमध्ये भरून उडी मारायची, 64 बिटांचा पत्ता भरायला चारपर्यंत इन्स्ट्रक्शन जातात.

प्रश्न : पाय 4 वर चालणारा एम्युलेटर पाय 5 वर एमप्रोटेक्टला (मेमरीची परवानगी बदलणारं फंक्शन) 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' देतो. कार्ड तेच, सोर्स तोच. (शाहूपुरी)

उत्तर : सोर्समध्ये कुठंतरी पेजचा (मेमरीच्या एका तुकड्याचा) आकार म्हणून 4096 हाती लिहिलाय. पाय 5 वर पाय ओएसचा कर्नल 16 केबीचं पेज वापरतो, टर्मिनलवर गेटकॉन्फ पेजसाइज टाकलं की 16384 दिसेल. आकडा सिस्कॉन्फ या फंक्शनला विचारून घ्या. घाई असेल तर कॉन्फिग फाइलीत कर्नल8 ची इमेज लावा, 4 केबी परत मिळतात.

प्रश्न : आता रिस्क-फाइव्ह या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे बोर्ड यायला लागलेत, आयआयटी मद्रासचा शक्ती, सी-डॅकचा वेगा. एआरएमवरच एवढी दमछाक झाली, आता परत तिसरा जेआयटी लिहायचा काय? त्यात तर फ्लॅगच नाहीत म्हणे. (दोघं मित्र, रंकाळ्याजवळ)

उत्तर : नाहीतच, खरंय. बर्कलीवाल्यांनी 2010 मध्ये डिझाइन सुरू केलं ते फ्लॅग रजिस्टर न ठेवताच. पण 8 बिटांच्या चिपला त्याचं एवढं टेन्शन नाही, 64 बिटांच्या रजिस्टरमध्ये दोन बाईटांची बेरीज केली की कॅरी नवव्या बिटात आयता बसलेला असतो, शिफ्ट मारून उचलायचा. एन आणि झेड तर लगेच काढूच नका, शेवटचं उत्तर जपून ठेवा आणि एखादी ब्रँच विचारेल तेव्हा त्यावरनं सांगा.

तरी माझा सल्ला विचाराल तर, कशाला? टीव्ही गेमचा प्रोसेसर 1.79 मेगाहर्ट्झचा, पाल (टीव्हीची एक पद्धत) मॉडेलमध्ये तर 1.66 च. गिगाहर्ट्झमध्ये पळणाऱ्या लिनक्स बोर्डावर साधा स्विच-केसचा इंटरप्रिटर (एकेक इन्स्ट्रक्शन वाचून चालवणारा) पण झोपा काढत चालेल, आणि तो सीमध्ये असल्यानं नुसता कंपाइल करायचा. जेआयटीचा विचार पहिल्या प्लेस्टेशनपासून पुढं करा, तिथं 33.87 मेगाहर्ट्झ आहेत. शिकायचं म्हणून लिहायचा असेल तर जरूर लिहा, पण इंटरप्रिटर फेकू नका, जेआयटीचं उत्तर कशाशी ताडून बघणार? आणि तो चारचा घोळ इथं पण आहे, रिस्क-फाइव्हवर पण तो अनसाइन्डच.

प्रश्न : आमच्याकडं जुनी छोटी मिलिंग आहे, डॉसच्या प्रोग्रामवर चालते, प्रिंटर पोर्टातनं मोटारींना पल्स जातात. पीसी आता मरायला टेकलाय. पोरगा म्हणतो पायवर एम्युलेटर टाकून चालवू, पाच हजारांत काम होईल. करू काय? (उद्यमनगर)

उत्तर : नका करू. पोरगा हुशार आहे, पायवर डॉसचा प्रोग्राम उघडेल, स्क्रीन हुबेहूब दिसेल, बटणं दाबली जातील. अडचण पल्सची आहे. डॉसचा प्रोग्राम हेक्स 378 या पोर्टवर थेट लिहितो आणि दोन पल्समधला वेळ स्वतः लूप फिरवून मोजतो. एआरएमला इंटेलसारखी पोर्टची वेगळी इन्स्ट्रक्शनच नाही, त्यामुळं एम्युलेटर ते लिहिणं मधेच पकडणार, स्वतःचं फंक्शन चालवणार, तेवढ्यात लिनक्सला दुसरं काम आठवणार, आणि पल्स उशिरा जाणार. स्टेपर मोटार एक पायरी चुकली तरी कुणाला सांगत नाही, ते कळतं मापात. यूएसबीची प्रिंटर केबल लावून पण भागणार नाही, ती प्रिंटरशी बोलते, 378 वर लिहिलेलं तिला दिसतच नाही.

मग करायचं काय, तर खरं प्रिंटर पोर्ट असलेला जुना पीसी शोधा आणि त्यावर डॉसच टाका. नाहीतर डॉस सोडून लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, ते तेच पोर्ट वापरतं. अगदी पायच वापरायचा असेल तर पल्स काढायचं काम वेगळ्या कंट्रोलरला द्या, अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हा पल्स काढणारा प्रोग्राम टाकून लोक चालवतात, पाय नुसता प्रोग्राम पाठवेल. पोराचा एम्युलेटर पण वाया जात नाही, जुने प्रोग्राम उघडून बघायला आणि दुरुस्त करायला तो झकास आहे. कुठलाही मार्ग घ्या, पहिली ट्रायल टूल न लावता हवेत घ्या, डायल गेज लावून शंभर वेळा पुढंमागं करा, काटा शून्यावर परत येतो काय बघा.

आणि हे सगळं नंतर. मरायला टेकलेल्या पीसीची हार्ड डिस्क आज काढा, पूर्ण इमेज घ्या, दोन ठिकाणी ठेवा. मशीनचे पॅरामीटर त्याच डिस्कवर असतील आणि ते कागदावर कुठं लिहिलेले नसतील.