नीस्ट्रॉम पद्धतीत कर्णावर काय भरायचं, आणि सीमेजवळ उत्तर का बिघडतं?

नीस्ट्रॉम पद्धतीत सीमेवरच्या समीकरणातलं समाकलन ठराविक बिंदूंवरच्या (नोडवरच्या) भारित बेरजेने बदलून मॅट्रिक्स सोडवतात. तिच्याबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लाप्लास समीकरणाच्या आतल्या डिरिश्ले प्रॉब्लेमचं (सीमेवरची किंमत दिलेली, आतली काढायची) मॅट्रिक्स भरताना कर्णावर शून्याने भागाकार होतो, तिथे काय लिहायचं? आणि सीमेजवळ उत्तर चुकतं, तर नोड वाढवून सगळं पुन्हा सोडवायचं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वक्र गुळगुळीत असेल तर डबल लेयरचा कर्नल, म्हणजे समाकलनात सीमेवरच्या अज्ञात घनतेला गुणणारं फलन, तिथे फुटतच नाही. अंश आणि छेद दोन्ही अंतराच्या वर्गाच्या वेगाने शून्याकडे जातात. लंब बाहेरच्या दिशेला धरला असेल तर मर्यादा येते: उणे वक्रता भागिले ४π. तीच भरा. समीकरणातला −१/२ वेगळा मिळवायचा, त्याला समाकलनाचं वजन लावायचं नाही. मी एकदा लावलं होतं आणि दोन दिवस चूक शोधत बसलो होतो.

दुसऱ्यासाठी आधी एक प्रयोग कराच. एकक वर्तुळ घ्या, ६४ नोड, सीमेवर सगळीकडे १. घनता सर्वत्र −१ येते, मशीनच्या अचूकतेपर्यंत बरोबर. आता याच घनतेवरून आतली किंमत काढा. केंद्रावर १. नोडच्या नेमकं समोर, ०.९ त्रिज्येवर १.००१२. ०.९९ वर थेट २.११! आणि त्याच त्रिज्येवर दोन नोडच्या मधोमध ०.६६. म्हणजे समीकरण अगदी बरोबर सुटलंय, चुकतंय ते नंतरचं समाकलन. बिंदू सीमेला टेकत आला की कर्नलला टोक येतं आणि ६४ नोडना ते दिसत नाही. ट्रॅपेझॉइडल नियमाची (समान अंतरावरच्या नोडवर सारख्या वजनाने बेरीज) चूक इथे साधारण e^(−२π × अंतर ÷ नोडमधलं अंतर) इतकी असते. नोडमधल्या अंतराच्या पाचपट आत असाल तर काळजीच नको.

म्हणून पुन्हा सोडवू नका. घनतेचे फूरिए सहगुणक नीट विरताहेत एवढं बघा, एफएफटीने (जलद फूरिए रूपांतराने) तिचं ४०९६ नोडवर अंतर्वेशन करा आणि बेरीज तिथे घ्या. वर्तुळावर ०.९९ ची चूक पूर्ण जाते. त्याहून जवळचे बिंदू हवे असतील तर २०१३ साली आलेली क्यूबीएक्स पद्धत बघा; ती सीमेपासून थोड्या दूरच्या केंद्राभोवती उत्तराची मालिका मांडून किंमत काढते.

पुढे हेल्महोल्ट्झ समीकरणाकडे (ठराविक वारंवारतेच्या लाटांचं समीकरण) वळलात तर कर्णाची ही युक्ती तशीच उचलू नका. तिथे कर्नलमध्ये लॉगरिदम उरतो, मर्यादा भरूनही अचूकता फार हळू वाढते. लॉगचा भाग वेगळा काढून त्याला क्रेसची वजनं (लॉगरिदमच्या समाकलनासाठीची खास वजनं) लावावी लागतात.